पुढच्या टप्प्यात बघू

करुणा गेल्याचा फोन तिच्या धाकट्या भावाचा, मिलिंदचा आला, तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा घेत होते. "सुमनताई, ताई गेली. संभाजीनगरला नेता नेता... बदनापूरच्या पुढं," एवढंच तो म्हणाला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. सकाळी तिनं मायला चहा करून दिला होता, केस विंचरून दिले होते, आणि डोकं दुखतंय म्हणून जरा टेकली ती टेकलीच. मी रिक्षा केली आणि जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांच्या गल्लीत, ती राहायची तिकडं निघाले. पोत्यांनी भरलेल्या हातगाड्यांमुळं रिक्षा पुढं सरकत नव्हती. तेवढ्यात मोबाईल वाजला. आमच्या प्रकल्पाचा एक जुना ग्रुप होता, बरेच महिने मेल्यासारखा पडलेला. त्यावर तिचा फोटो आला होता. मागं उगवता सूर्य, खाली चारही भागीदार संस्थांची बोधचिन्हं एका ओळीत, तिच्या चेहऱ्यापेक्षा ठळक. मध्ये लिहिलं होतं, 'फवारणी सुरक्षा प्रकल्पाच्या यशस्वी शिल्पकार डॉ. करुणा खरात यांना भावपूर्ण श्रद्धांजली.'

तिला घेऊन गाडी अजून घरी यायची होती आणि यांचं पोस्टर तयार होतं! मला रडू नाही आलं, शिसारी आली. आज काही आठवडे उलटून गेलेत. दुःख आता थोडं तळाशी बसलंय, पण शिसारी अजून वरच तरंगते आहे. त्या पोस्टरमधला मजकूर नंतर एका-दोन ठिकाणी छापूनही आला. ज्यांनी वाचला त्यांना वाटेल, एका कर्तबगार बाईनं एक छान प्रकल्प तडीस नेला आणि मग ती गेली. तसं घडलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

करुणा प्राणिशास्त्र शिकवायची, मी रसायनशास्त्र. आमच्या प्रयोगशाळांमध्ये एकच भिंत होती आणि तिचं हसणं त्या भिंतीला जुमानायचं नाही. बाई काही साधीसुधी नव्हती. स्कूटी अशी चालवायची की मागं बसणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावेत. मटणाचा रस्सा कुणाच्या घरी चांगला होतो याची तिला पक्की माहिती असायची आणि आमंत्रणाची वाट बघायची तिला गरज वाटायची नाही. वेळ पाळायची नाही, पण दुसऱ्याला उशीर झाला की त्याची खरडपट्टी काढायची. फळ्यावरचं तिचं अक्षर तर इतकं वाईट होतं की मुली म्हणायच्या, मॅडम, बेडूक काढलाय की बेडूक लिहिलाय? तिचं गाव घनसावंगीच्या पलीकडं, गोदावरीच्या अंगाला. वडील शाळामास्तर. माय कापूस वेचायला जायची. एक चुलते होते, ते लोकांच्या शेतात फवारणीच्या रोजानं जायचे. चाळिशीतच त्यांचे हात थरथरायला लागले होते, डोळ्यांतून सतत पाणी गळायचं. "आम्ही पोरं त्यांना रडका काका म्हणायचो," ती एकदा म्हणाली. माझं माहेरही त्याच भागातलं, पण आम्ही जमीनवाले. आमच्या शेतात फवारायला दुसरे लोक यायचे. ते घरी गेल्यावर त्यांचं काय व्हायचं हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नाही.

प्रकल्प तिच्याच डोक्यातून निघाला. कपाशी छातीइतकी वाढते, तेव्हा पाठीवर पंप घेऊन माणूस त्यात शिरतो आणि वाऱ्यानं तेच औषध त्याच्या अंगावर येतं. आमच्याकडं विषाला औषधच म्हणतात. बाजारात अंगभर कोट मिळतात, पण आमच्या उन्हात ते घालून माणूस फवारा मारण्याआधीच घेरी येऊन पडेल. तर उन्हात अंगावर घालता येईल असा, हलका, पुन्हा पुन्हा वापरता येईल असा कोट तयार करायचा आणि तो खरोखर माणसाला वाचवतो का ते शेतात तपासायचं, एवढी साधी गोष्ट. मुंबईच्या एका प्रतिष्ठाननं निधी द्यायचं कबूल केलं, पण त्यांची अट होती, एकट्या कॉलेजला देणार नाही, भागीदार हवेत. मग कापडाचं काम पुण्याच्या एका संशोधन संस्थेकडं गेलं. कोट शिवून देण्यासाठी आणि वाटण्यासाठी एक औषध विकणारी कंपनी आली. म्हणजे जी विष विकते तीच चिलखत देणार! मी तेव्हाच नाक मुरडलं होतं. करुणा म्हणाली, "अगं, त्यांच्या गाड्या गावोगाव जातात. आपल्या कोण जातात?" शेतातली चाचणी आणि समन्वय आमच्याकडं होता, म्हणजे तिच्याकडं. प्रयोगशाळेतलं काम माझ्याकडं.

पहिली बैठक जालन्यातल्या एका हॉटेलात झाली. प्रतिष्ठानचे निखिल सर आले होते. तरुण, हसरे, प्रत्येकाला नावानं हाक मारणारे. त्यांनी पडद्यावर चौकोन आणि बाण दाखवले. या चौकोनातून त्या चौकोनात शेतकरी सुरक्षित होत जात होता. करुणा मध्येच म्हणाली, "सर, शेतकरी नका लिहू. फवारणारा लिहा. बहुतेक ठिकाणी शेत एकाचं असतं आणि फवारणारा दुसरा असतो." निखिल सर गोड हसले. म्हणाले, "मॅडम, शेतकरी हा शब्द लोकांना लगेच भिडतो." दुपारच्या जेवणापर्यंत ती भांडली आणि शेवटी 'शेतकरी व शेतमजूर' एवढ्यावर तडजोड झाली. छापील प्रस्ताव आला, तेव्हा त्यात शेतमजूर नव्हता. विचारलं तर म्हणाले, शब्दमर्यादा होती.

तरीही त्या हंगामात ती जितकी आनंदात होती तितकी मी तिला कधी पाहिली नाही. सुट्टी मिळाली की घनसावंगीची जीप पकडायची आणि कपाशीत शिरायची. भर दुपारी स्वतः तो कोट घालून, पाण्यानं भरलेला पंप पाठीवर घेऊन तास न् तास ओळी चालली. माणसं बांधावर बसून हसायची. एक म्हातारा ओरडला होता, "ओ मॅडम, रोजानं येता का? बिलकुल बराबर फवारून राह्यल्या की!" ती घामानं निथळत बाहेर आली आणि म्हणाली, "काखेत उकडतंय. हितं जाळी पाहिजे." पुण्याच्या संस्थेनं काखेत जाळी दिली. बटणं ओल्या हातानं निघत नव्हती, म्हणून चेन आली. हळूहळू लोक तो कोट खरंच घालायला लागले, आणि इथंच ती थबकली. एका घरी ती बसली होती. त्या घरातल्या बाईनं नवऱ्याचा कोट धुवायला काढला आणि लेकरांच्या कपड्यांबरोबर एकाच घमेल्यात टाकला, साबण चोळून, दगडावर आपटून धुतला. बाईचं काहीच चुकलेलं नव्हतं. कपडा मळला की धुवायचा. करुणानं मला तिथूनच फोन लावला. "सुमन, आपण फक्त नवा कोट तपासला. हे लोक तो रोज आपटून धुणार. धुतलेला कुणी तपासलाय का?"

कुणीच तपासला नव्हता. मग आम्ही दोघींनी तपासला. अगदी सोपी रीत होती. कोटाच्या कापडाचे तुकडे घ्यायचे, काही नवे, काही दगडावर आपटून धुतलेले. घामासाठी मिठाचं पाणी लावायचं, खाली पांढरा टिपकागद ठेवायचा आणि वरून औषधाऐवजी निळा रंग शिंपडायचा. नव्या कापडाखालचा कागद कोरा राहिला. धुतलेल्या कापडाखालचा कागद आमच्या डोळ्यांदेखत निळा होत गेला. कापडावरचा लेप धुण्यात निघून जात होता आणि उरलेलं कापड ओलं विष धरून ठेवत होतं, अंगाला चिकटवून. साधा सदरा निदान वाऱ्यानं वाळतो, हा वाळतही नव्हता. आम्ही पुन्हा पुन्हा करून पाहिलं. करुणानं तो निळा कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला. मग म्हणाली, "हा घालून माणूस निर्धास्त होईल गं. उघड्यावर फवारताना भितो तरी."

तिनं सगळ्या भागीदारांना कळवलं. मोबाईलवर बैठक झाली. मी तिच्या शेजारीच बसले होते. पुण्याच्या संस्थेचे एक वयस्क शास्त्रज्ञ म्हणाले, निष्कर्ष बरोबर असू शकतो, पण धुलाईची चाचणी मूळ प्रस्तावात नाही. कंपनीच्या माणसानं सांगितलं, कोट शिवून गोदामात आलेत. आणि निखिल सर, त्यांच्या त्या मऊ आवाजात, म्हणाले, "करुणा मॅडम, फारच मोलाचं निरीक्षण आहे. हे आपण पुढच्या टप्प्यात बघू."

"पुढच्या टप्प्यापर्यंत फवारणारे थांबणार आहेत का, सर?"

"मॅडम, प्रकल्प असाच पुढं जातो. आधी पोहोच, मग सुधारणा."

"अहो, पण हा कोट चालत नाही!"

"चालत नाही असं नका म्हणू. नवा असताना चालतो. तुमच्या अंतिम अहवालात तेवढं लिहा. ते खोटं नाहीये ना?"

ते खोटं नव्हतंच, आणि त्याच गोष्टीची मला सगळ्यात जास्त किळस येते. त्या बैठकीत कुणीही खोटं बोललं नाही. कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी धमकी दिली नाही. सगळे सुशिक्षित, सगळे एकमेकांना सर आणि मॅडम म्हणणारे. हातातून निसटणाऱ्या साबणासारखे शब्द ते एकमेकांकडं सरकवत राहिले आणि शेवटी कुणाच्याही हातात काही उरलं नाही. करुणानं अहवालावर सही करायला नकार दिला. आमच्या प्राचार्यांनी तिला बोलावून समजावलं, कॉलेजचं नाव आहे, पुढचे प्रकल्प आहेत. ती म्हणाली, "सर, धुतलेला कोट घालून तुम्ही एक पंप फवारून दाखवा. लगेच सही करते." थोड्याच दिवसांत समन्वयक बदलल्याचं पत्र आलं. अहवालावर दुसऱ्याच कुणाची तरी सही झाली.

वाटपाचा कार्यक्रम घनसावंगीला एका मंगल कार्यालयात झाला. तिला बोलावलं नव्हतं. ती गेली, सोबत मी गेले. मंचावर पाहुणे, हार, फेटे. कोट घ्यायला रांगेत उभी राहिलेली माणसं बघून करुणा मला कोपरानं ढोसत म्हणाली, "बघ. यातल्या एकाच्या तरी खांद्यावर पंपाच्या पट्ट्याचा वळ आहे का?" सगळे जमीनवाले होते. माझे थोरले भाऊ, दत्तादादा, तेही रांगेत होते. फोटो निघत होते. मध्येच ती उठली, पायऱ्या चढून वर गेली आणि निवेदकाच्या हातातला माईक घेऊन म्हणाली, "हा कोट धुतल्यावर वापरू नका. धुतल्यावर हा औषध आत सोडतो. मी तपासलंय." मला वाटलं, आता गोंधळ होईल. कुणी तरी उठेल, विचारेल. पण काही झालं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या! बाईमाणूस मंचावरून काहीतरी बोलून गेलं की वाजवतात तशा. निवेदक म्हणाला, "मॅडमनी फारच मोलाचं मार्गदर्शन केलं," आणि पुढचं नाव पुकारलं. खाली आल्यावर ती बाहेरच्या नळावर गेली आणि चूळ भरून भरून थुंकत राहिली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "तोंडाची चव गेली."

पुढच्या हंगामात बळीराम पडला. बळीराम आमच्या दत्तादादांकडं फवारायला यायचा. माझ्यापेक्षा थोडा मोठा, कमी बोलणारा. दादांनी आपल्याला मिळालेला कोट त्याला दिला होता. कोट असल्यामुळं तो भर उन्हात, वाऱ्याच्या तोंडाला उभा राहून, न थांबता फवारत गेला. दुपारनंतर बांधावर आला, ओकायला लागला, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तोंडातून लाळ गळायला लागली. त्याला जालन्याला दवाखान्यात आणलं. मी आणि करुणा पोचलो, तेव्हा त्याची बायको, चंद्रकला, दाराशी भिंतीला टेकून बसली होती, आणि दादा बाहेर उभे राहून कुणाला तरी फोनवर सांगत होते, "मी त्याला कोट दिल्ता की! मंग माझी काय चूक?" मला पाहून म्हणाले, "तूच सांग, सुमन. कोट दिल्ता का न्हाई?" माझा सख्खा भाऊ. त्या क्षणी तो आणि निखिल सर मला एकाच आईची लेकरं वाटले.

चंद्रकला करुणाला म्हणाली, "मॅडम, मी रोज सोच्छ धुवून देत व्हते वो. एक दिस बी तसाच घालू दिला न्हाई." करुणा तिच्यासमोर जमिनीवर बसली, तिचे दोन्ही हात धरले. काय सांगणार होती? तू धुतलंस म्हणून?... बळीराम वाचला. पण पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. उजेड सहन होत नाही म्हणून आजही डोक्यावरचं उपरणं डोळ्यांवर ओढून बसतो. त्याला दवाखान्यात आणलं त्याच संध्याकाळी निखिल सरांचा करुणाला फोन आला होता. आधी त्यांनी मनापासून दुःख व्यक्त केलं, आणि मग विचारलं, "चेन पूर्ण लावली होती का? कधी कधी वापरणाऱ्याकडूनच चूक होते." करुणानं फोन माझ्या हातात दिला आणि दवाखान्याच्या आवारातल्या कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिली. मी त्या माणसाला काय बोलले ते इथं छापता येणार नाही.

त्यानंतर तिनं जे केलं त्याला कुठल्या भागीदाराची परवानगी नव्हती आणि कुठला निधीही नव्हता. ती कोट परत गोळा करायला लागली. कॉलेज सुटलं की, सुट्टीच्या दिवशी, दिवाळीत, मोठी बारदानाची पोती घेऊन जीपनं गावोगाव. बाजाराच्या दिवशी, गर्दीच्या दिवशी जांब समर्थला देवळाच्या बाहेर उभी राहायची, कारण तिथं आसपासच्या गावांचे लोक येतात. काही लोक निमूट द्यायचे. काही भांडायचे. एका गावात पारावरचा माणूस म्हणाला, "फुकट दिलेलं परत घेतेत का कुठं? तुमाला दुसऱ्या कंपनीनं धाडलंय, आमाला ठाव हाय." ती हसली आणि म्हणाली, "हो दादा, धाडलंय. बळीराम ॲन्ड कंपनीनं." प्रतिष्ठानकडून तिला सूचना आली की कोट ही प्रकल्पाची मालमत्ता असून ती गोळा करण्याचा तुम्हाला अधिकार नाही. ती सूचना तिनं मला फोनवर मोठ्यानं वाचून दाखवली, एखादा विनोद वाचावा तशी.

बहुतेक लोकांना मात्र कोट सोडवत नव्हता. पावसात चांगला होता, थंडीत मोटारसायकलवर चांगला होता. "पान्याला झकास हाय, मॅडम. कशाला नेता?" असं म्हणायचे. माणसं खोटं बोलत नव्हती. मग तिनं काळ्या पेंटचा डबा आणि ब्रश घेतला. जो कोट देणार नाही, त्याच्या कोटाच्या पाठीवर ती मोठ्या अक्षरांत लिहायची, 'फवारणीला नाही'. माणूस अंगात घालून पाठमोरा उभा, आणि ही मागं वाकून लिहिते आहे, तिच्या त्या भयंकर अक्षरात. जागा पुरायची नाही. 'नाही' कधी खाली उतरायचं, कधी बाहीवर जायचं. लोक हसायचे, ती रागवायची, "हलू नका हो!" मी एकदा म्हटलं, अगं, छापा करून घे ना पत्र्याचा. म्हणाली, "छापलेलं कुणी वाचत नाही, सुमन. कोटाबरोबर छापलेलं पत्रक तर त्यांनीही दिलं होतं."

ते काम चालू असतानाच ती गेली.

बुद्धविहारात तिची अभिवादन सभा झाली, ती चांगली झाली. लोकांनी पंचशील घेतलं, तिच्या विद्यार्थिनी रडल्या, एकीनं तिच्या स्कूटीची गोष्ट सांगितली तेव्हा सगळे हसले. पण भागीदारांनी वेगळी सभा ठेवली होती, पहिली बैठक झाली त्याच हॉटेलात. माय आणि मिलिंद यांना गाडी पाठवून नेलं. मी मायसाठी गेले. पडद्यावर करुणाचे फोटो सरकत होते, कपाशीत उभी, कोट घातलेली, घामेजलेली. ते हसणं पहिल्या हंगामातलं, निळा कागद दिसण्याआधीचं. मायला मंचावर बसवून शाल पांघरली. निखिल सर मनापासून बोलत होते. मला वाटतं, त्यांचं दुःख खरं होतं, आणि त्यामुळं तर मला अधिकच शिसारी आली. ते म्हणाले, मॅडमचं स्वप्न थांबणार नाही, पुढचा टप्पा मंजूर झालाय, नव्या भागात वाटप होणार आहे आणि या कोटाचं नाव आता 'करुणा कवच' असेल.

टाळ्या झाल्या. मायला ऐकायला थोडं कमी येतं. मला खुणेनं जवळ बोलावून तिनं विचारलं, "काय म्हनून राह्यले ते?" मी सांगितलं. तिनं आधी शाल काढली. घडी घातली, खुर्चीवर ठेवली. मग उभी राहिली आणि माईक नसतानाही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या लेकीचं नाव त्याला लावू नका. ती त्येच गोळा करीत फिरत व्हती." मिलिंदनं तिला हात दिला आणि ती पायऱ्या उतरून चालायला लागली. मागून निवेदकाचा आवाज आला, "आई भावुक झाल्यात, आपण समजू शकतो..." बाहेर रस्त्यावर आलो. मायनं माझ्याकडं बघून विचारलं, "भावुक म्हंजे येडी का गं?"

मिलिंद स्वतः पुण्या-मुंबईला जाऊन आला, एका वकील मित्राला घेऊन. नाव मागं घेतलं गेलं. कोट मागं घेतला गेला नाही. आता तो नुसता 'कवच' म्हणून दुसऱ्या एका जिल्ह्यात वाटला जाणार आहे, असं ऐकते. धुलाईची चाचणी झाली का, हे विचारणारं पत्र मी स्वतः पाठवलंय. अगदी नम्र उत्तर आलं. कुठल्या टप्प्यात बघणार आहेत ते वाचकांना सांगायला नको.

गेल्या आठवड्यात मी माहेरच्या गावी गेले होते. दादांकडं मी आता उतरत नाही, बळीरामला भेटून परत निघाले. सकाळी गारठा होता. घनसावंगीच्या स्टँडसमोर चहाच्या टपरीवर एक माणूस मोटारसायकलवर पाय टाकून माझ्याकडं पाठ करून उभा होता, शेजारी त्याची बायको पिशवी घेऊन एसटीची वाट बघत थांबलेली. त्याच्या अंगात तो कोट होता. पाठीवर काळी अक्षरं, थोडी विटलेली, 'फवारणीला' सरळ आणि 'ना' च्या पुढं जागा संपल्यामुळं 'ही' खाली, कमरेच्या शिवणीवर. कुठल्याही शाळेत नापास होईल असं अक्षर. मी हातातला चहा टपरीच्या फळीवर ठेवला.

मी जवळ जाऊन विचारलं, "दादा, हे पाठीवर काय लिहिलंय?"

"एक मॅडम आल्त्या," तो ओशाळून म्हणाला. "न्हाई न्हाई म्हनलं तरी लिहून गेल्या. चांगल्या कोटाचा इस्कोट केला."

"मग फवारायला घालता का हा?"

तो काही बोलायच्या आत शेजारी थांबलेली त्याची बायको म्हणाली, "हात बी लावू देत न्हाई मी फवारायच्या दिशी. लिव्हलंय ना त्येच्यावर!"

त्यानं हसून गाडीला किक मारली. गाडी अंबडच्या रस्त्याला लागली. वळणावर जाईपर्यंत करुणाचं ते वाकडंतिकडं अक्षर मला दिसत होतं... लांबूनही स्पष्ट वाचता येत होतं.